नव्वद फुटी मोहरी

“मोहरी कुठे आहे?” डेकरसाहेबांनी विचारलं.

आम्ही तळेकोंडच्या देवराईत उभे होतो. वर बघावं तर मान दुखेल असे बेहडे, किंजळ आणि सातवीण, खाली घोटा बुडेल एवढा पाचोळा, आणि सकाळचे अकरा वाजले तरी आत संध्याकाळ झाल्यासारखा काळोख. डेकरसाहेब हे आमच्या प्रकल्पाची पाहणी करायला परदेशातून आलेले डच गृहस्थ. सहा फूट चार इंच उंची, हातात फळी, फळीला चाप लावलेला बावीस पानी फॉर्म. पायाशी काही हिरवं दिसलं की ते वाकून बघत आणि निराश होऊन पुन्हा उभे राहत.

“अजून पेरलेली नाही,” मी इंग्रजीत म्हणाले.

“म्हणजे आजची मोहरी शून्य एकर.”

“शून्य.”

“उत्तम,” ते म्हणाले आणि त्यांनी सुबक अक्षरात शून्य काढलं. “शून्यापासून सुरुवात असली की प्रगती स्पष्ट दिसते.”

माझ्या शेजारी उभे असलेले सूदसाहेब, म्हणजे दिल्लीतले माझे वरिष्ठ, यांचा जीव भांड्यात पडला. जरा पलीकडे एका बेहड्याला टेकून धोंडूकाका गुरव उभे होते. निनाईदेवीचे पुजारी, सत्तरी ओलांडलेले, कमरेला पंचा, खांद्यावर टॉवेल. ज्या झाडाला ते टेकले होते त्यावर चुन्यानं १४७ असा आकडा घातला होता. देवराईतल्या तीनशे बारा झाडांवर असे आकडे होते. ती सगळी तोडायची होती, कारण मोहरीला ऊन लागतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? ऐका तर खरं.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. मी तेव्हा दिल्लीत राष्ट्रीय समन्वय कक्षात होते. परदेशी निधीतून आपल्या देशात पर्यावरणाचे जे प्रकल्प चालत, त्यांचा ताळमेळ आम्ही राखायचा. ताळमेळ म्हणजे काय, तर गावाचा कागद परदेशात पोचवायचा, परदेशाचा कागद गावात पोचवायचा, आणि मध्ये दोन्हीकडून बोलणी खायची. तळेकोंड हे रत्नागिरी जिल्ह्यातलं डोंगरातलं गाव. त्यांच्या पंचायतीनं मराठीत बासष्ट पानांचा अर्ज पाठवला होता. म्हणणं एवढंच, आमची देवराई राखायला मदत करा. कुंपण हवं, आतल्या झऱ्याची डागडुजी हवी, रोपवाटिका हवी.

दिल्लीत मराठी चालत नाही. अर्ज अनुवादाला गेला चौरसियाजींकडे. माणूस बनारसचा, अत्यंत सज्जन, शब्दाला शब्द ठेवणारा. देव म्हणजे देव. आणि राई म्हणजे हिंदीत मोहरी. झालं! आपण आमराई म्हणतो, देवराई म्हणतो, तेव्हा राई म्हणजे दाट झाडी, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? मी सांगणार. सगळ्या कक्षात मराठी येणारी मी एकटी रेगेबाई. ‘मूळ मराठीशी ताडून पाहिले’ असा एक शिक्का होता आणि त्याखाली सही माझी लागायची. त्या दिवशी दिवाळीच्या सुट्टीची माझी गाडी पाच वाजता होती. मी साडेतीनला सही केली. एक पान उलटलं नाही.

चौरसियाजींनी तर तळटीपही दिली होती, की या दाण्यांनी मिठासोबत दृष्ट काढतात, म्हणून ही मोहरी पवित्र. अर्जात होतं की राई तीनशे वर्षं जुनी आहे, झाडं नव्वद फूट उंच आहेत. त्याचं झालं, तीनशे वर्षं जगणारी, नव्वद फूट वाढणारी पवित्र मोहरी. परदेशातले तज्ज्ञ म्हणे खुर्चीतून उठून उभे राहिले. इतक्या झटपट मंजूर झालेला दुसरा प्रकल्प माझ्या नोकरीत मी पाहिला नाही. पुढे कुणा शहाण्यानं नव्वद फुटांवर शंका काढली, तेव्हा ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हणून त्याचे नव्वद सेंटिमीटर करण्यात आले. मग एका सल्लागारानं जागेचा नकाशा बघून लिहिलं, की सदर क्षेत्रावर झाडांची दाटी असून त्यांच्या सावलीत मोहरी तग धरणार नाही, सबब छत्र-आच्छादनाचे निर्मूलन करावे. राईचा पर्वत करणारे लोक असतात. आम्ही पर्वताची राई केली.

झाडांची यादी सहीला माझ्या टेबलावर आली तेव्हा मला हे कळलं. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं. धावतच सूदसाहेबांकडे गेले.

“सर, चूक झालीय. ती मोहरी नाहीच. ते जंगल आहे. देवाचं जंगल.”

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त अठ्ठावीस वर्षं सरकारी नोकरीत होता.

“शीर्षकातला शब्द बदलायचा म्हणजे मोठी दुरुस्ती, मॅडम. ती पुन्हा निधी देणाऱ्यांच्या परिषदेपुढे जाणार. दीड वर्ष. तोपर्यंत देशाचे बाकीचे आठ प्रकल्प थांबणार. आठ! कासवं, पाणथळी, हिमबिबटे, सगळे थांबणार.”

“पण तीनशे झाडं जातील.”

“कागद बदलणं कठीण असतं,” ते म्हणाले, “त्या मानानं झाडं बदलणं सोपं.” आणि हे ते विनोदानं म्हणाले नाहीत हो. अगदी कळकळीनं म्हणाले.

शेवटची आशा होती डेकरसाहेबांची. तळेकोंडला येताना जीपमध्ये मी त्यांना सगळं सांगितलं. सूदसाहेब पुढच्या सीटवर पेंगत होते. डेकरसाहेबांनी मन लावून ऐकलं, एकदा चष्माही पुसला.

“ही भाषाविषयक हरकत झाली,” ते म्हणाले. “तिचा फॉर्म वेगळा आहे. मंजुरीपासून साठ दिवसांत भरायचा असतो.”

“साठ दिवस होऊन वर्ष झालं.”

“अरेरे,” ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. पण म्हणून काय उपयोग!

तर आता आम्ही देवराईत उभे. रस्त्याच्या कडेला ठेकेदाराची माणसं करवती घेऊन विड्या ओढत बसलेली. डेकरसाहेब फॉर्मच्या एकोणिसाव्या पानावर आले आणि थांबले.

“मालकाची संमती,” ते म्हणाले. “हा रकाना रिकामा आहे.”

“ग्रामसभेचा ठराव जोडलेला आहे,” सूदसाहेब म्हणाले. तो होताच. देवराई राखण्याचा ठराव, दोनशे चौदा सह्या आणि अंगठे, आमच्या अनुवादात मोहरीच्या बाजूनं.

“ते रहिवासी झाले. जमिनीचा मालक कोण?”

मी सातबारा काढला. मालकाच्या नावापुढे स्वच्छ लिहिलं होतं, श्री देवी निनाई. डेकरसाहेबांनी नाव उतरून घेतलं.

“बाई आहेत. छान. कुठे भेटतील?”

“त्या देवी आहेत,” मी म्हणाले.

“असोत. मालकाची संमती मालकाकडूनच, मोकळेपणी आणि आगाऊ घेतली पाहिजे. त्यात सूट नाही.”

सूदसाहेब माझ्या कानाशी येऊन हसले. “सोडा हो. तहसीलदार देवीच्या वतीनं सही करेल. देवी काय बोलणार थोडीच?”

धोंडूकाकांनी तेवढं हिंदी बरोबर उचललं. बेहड्यापासून सुटे होत ते म्हणाले, “बोलते तर! कौल लावला की बोलते.”

मी डेकरसाहेबांना समजावलं, की देवीच्या पाषाणावर फूल चिकटवतात, प्रश्न विचारतात, आणि ते फूल पडलं की तिचं उत्तर मिळतं. मला वाटलं, आता हा माणूस हसेल. तो अजिबात हसला नाही. त्यानं पान उलटून नियम वाचला आणि म्हणाला, “स्थानिक प्रथेनुसार संमती ग्राह्य आहे. उद्या सकाळी नऊ वाजता मालकीणबाईंना वेळ आहे का?”

दुपारी मी एकटीच धोंडूकाकांच्या पडवीत जाऊन बसले. त्यांच्या सुनेनं ताक आणून दिलं. मी पेला खाली ठेवला.

“काका, हे सगळं माझ्यामुळे झालं,” मी म्हणाले. आणि सांगून टाकलं. राई, मोहरी, शिक्का, पाच वाजताची गाडी, सगळं.

ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

“सही तुझी?”

“माझी.”

“वाचलं नव्हतंस?”

“नाही.”

“दिल्लीत न वाचता सही चालते?”

“वाचून केली तर चालत नाही, काका. काम तुंबतं.” हे बोलले आणि मला रडूच फुटलं. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, सरकारी अधिकारी, परक्याच्या पडवीत पदरात तोंड घालून हमसून रडले. नवरा गेला तेव्हा चार लोकांत रडले नव्हते. माझी लाज मलाच सोसवत नव्हती.

काकांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, “माझ्या बापसानं राईतली वाळकी काटकी कधी चुलीत घातली नाही. थंडीनं मेला, पण नाही घातली.” सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणाले, “उद्या आई काय म्हणेल ते खरं. होय म्हणाली तर मी सोता पहिल्या झाडावर हळद-कुंकू वाहीन, मग तोडा. तिचा शबुद मी फिरवायचा नाही. आम्ही सात पिढ्या फिरवला नाही.”

“आणि काय विचारायचं ते?”

“तू लिहून दे.”

मी फॉर्ममधला प्रश्न मराठीत उतरवून चिठ्ठी त्यांच्या हाती दिली. ‘पवित्र मोहरीच्या लागवडीसाठी छत्र-आच्छादनाच्या निर्मूलनास मालकाची संमती आहे काय?’ दुसरं काय लिहिणार? सूदसाहेब ती चिठ्ठी डेकरसाहेबांच्या कागदांना जोडायला मागणार होते. त्यांनी खरंच मागितली, आणि सकाळी एक प्रत करून घेतलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी नवाच्या ठोक्याला सगळं गाव देवळापुढे जमलं. देऊळ म्हणजे कौलारू छपराखाली एक काळा पाषाण, बस्स. धोंडूकाकांनी आंघोळ करून, ओलेत्यानंच पाषाणावर तगरीचं फूल चिकटवलं आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. कोकणात गाऱ्हाणं म्हणजे नुसती देवीला हाक नव्हे. शिवेवरचा, वेशीवरचा, पाणवठ्यावरचा, वाटेवरचा, जो जो म्हणून कुणी आहे त्याला नाव घेऊन बोलवायचं, आणि दर वाक्याला गावानं ‘होय महाराजा’ म्हणायचं. मी डेकरसाहेबांच्या कानाशी भराभर इंग्रजी करत होते. आणि ते भराभर लिहीत होते.

“एक मिनिट,” ते कुजबुजले. “हे सगळे या प्रकल्पाशी संबंधित आहेत?”

“एका अर्थी आहेत.”

“तेवीस झाले. दिल्लीच्या कागदात तर फक्त चार संबंधित घटक दाखवलेत.” त्यांनी सूदसाहेबांकडे नापसंतीनं पाहिलं. सूदसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “आणि हा शिवेवरचा जो आहे, तो स्त्री की पुरुष? इथे स्त्री-पुरुष वेगळे दाखवावे लागतात.”

“पुरुष असावा.”

“असावा? नक्की नाही?”

मी शेजारच्या आजींना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, पुरुष. त्यांच्या मागची म्हणाली, नाही, जोडपं आहे. दोघींचं तिथेच जुंपलं. हे निस्तरून डेकरसाहेबांच्या फॉर्मवर ‘एक पुरुष, एक स्त्री’ असं लिहून होईस्तोवर गाऱ्हाणं संपलं होतं, ‘होय महाराजा’ घुमून गेलं होतं आणि सगळे गप्प होऊन फुलाकडे बघत होते.

फूल पडेना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. करवतवाले उठून बघायला आले. चाळीस मिनिटांनी डेकरसाहेब मला म्हणाले, “मालकीणबाईंना विचार करायला वेळ हवा असेल तर नियमात पंधरा दिवस देता येतात.” मला तेवढ्यात देवीची दया आली. हा कसला प्रश्न घातला आम्ही तिला! मनातल्या मनात हात जोडले. आई, डावं दे. माझी नोकरी घे, हवं तर डोळे घे, पण डावं दे.

फूल उजवीकडे पडलं.

उजवं म्हणजे होय. कोकणातल्या शेंबड्या पोराला विचारा, उजवा कौल म्हणजे देवाची परवानगी. तीनशे बारा झाडं गेली. आणि गाव? गाव खूश! बायका एकमेकींना हळद-कुंकू लावायला लागल्या, कुणी नारळ आपटला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मूर्खांनो, तुमचं पाणी जातंय, तुमचं रान जातंय, आणि नारळ कसले फोडताय! काका तर डोळे मिटून, पाषाणाला डोकं टेकून हुंदके देत होते. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि पहिल्या झाडाकडे हळद-कुंकू घेऊन जाईल.

“उजवीकडे पडलं,” डेकरसाहेब म्हणाले. त्यांची पेन्सिल दोन चौकोनांच्या मधोमध थांबली होती. एक ‘संमती आहे’, एक ‘संमती नाही’. “उजवीकडे म्हणजे काय?”

सूदसाहेबही माझ्याकडे बघत होते. त्यांना कौलातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिथे इंग्रजी आणि मराठी दोन्ही येणारी पुन्हा मी एकटीच.

“नाही,” मी म्हणाले.

“खात्री आहे?”

“मूळ मराठीशी ताडून सांगते. उजवं म्हणजे नाही.”

डेकरसाहेबांनी ‘संमती नाही’वर ठळक खूण केली आणि फॉर्म माझ्यापुढे धरला. अनुवादकाची सही. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला, बावीसच्या बावीस पानं, आणि मग सही केली. सूदसाहेब हात चोळत राहिले. पण नियमच तो. मालकानं नकार दिला की प्रकल्प बंद, दोष कुणाचाच नाही, बाकीच्या आठांनाही धक्का नाही. पुढे सगळ्या जगात मालकाचा नकार मान्य करून बंद केलेला हा एकमेव प्रकल्प ठरला आणि नमुनेदार म्हणून सूदसाहेब परदेशात जाऊन त्यावर भाषण करून आले. तळेकोंडला कुंपण मिळालं नाही, रोपवाटिकाही मिळाली नाही. मला धूळ आणि ध्वनी प्रदूषणाच्या टेबलावर बसवलं. ते राहो.

जीप सुरू झाली होती. डेकरसाहेब आत बसून निनाईदेवींना आभाराचं पत्र कोणत्या पत्त्यावर पाठवायचं ते विचारत होते. मी ‘आलेच’ म्हणून देवळात परत गेले. काका एकटेच फुलं गोळा करत होते.

“काका, मी आईचा शब्द फिरवला,” मी म्हणाले. एका दमात बोलले नसते तर बोलता आलं नसतं. “तिनं होय म्हटलं, मी त्या साहेबाला नाही म्हणून सांगितलं. काय शाप द्यायचा तो मला द्या, गावाला नको.”

 काकांनी कनवटीची चिठ्ठी काढली, माझीच कालची.

“हे तुझं छत्र का काय, ते माझ्या जिभेवर चढेना, बाय. आणि असलं काय आईला विचारायची माझी छाती पण झाली नाही. मी आपलं सरळ विचारलं. म्हटलं, आई, ही माणसं लांबून आलीत, राई पाहिजे म्हणतात. तुझी राई राखायची काय? ती होय म्हणाली. गावानं ऐकलं की. तू कुठे होतीस?”

मी तिथेच पायरीवर बसले. शिवेवरच्याचं लग्न लावत होते मी तेव्हा. हसू की रडू तेच कळेना, दोन्ही एकदमच आलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

“म्हणजे तिला झाडं तोडू द्यायची नव्हती. आणि मी नाहीच सांगितलं. म्हणजे मी खोटं बोललेच नाही?”

“आईच्या मनातलं बरोबर बोललीस.”

मी डोळे पुसले, उठले, उंबऱ्यापर्यंत गेले आणि माझं मेलीचं डोकं गप्प बसेना. मागे वळले.

“काका, आणि तुमचा प्रश्न घालून फूल डावीकडे पडलं असतं तर? राखू नका म्हणाली असती तर? तुम्ही तर शब्द फिरवला नसता.”

“छे. मी कसा फिरवणार?” काका म्हणाले. फुलांची परडी त्यांनी पाषाणापाशी ठेवली, हात पंच्याला पुसले. “सात पिढ्यांचा आहे तो. पण त्या साहेबाला सांगणार तूच होतीस ना? काल माझ्या पडवीत रडलीस तेव्हा मी म्हटलं, आता आईनं कायपण दिलं तरी चालेल.”